बेटावरचं सोळावं पान

तवंदीचा घाट उतरून बस निपाणीच्या रानाला लागली की मला शिंका येतात. एक नाही, तीन. माघात तर हमखास. शेजारी बसलेला माणूस म्हणतो, खिडकी लावून घ्या बाई, वारं बाधतंय. वारं मला कधीच बाधलं नाही. बाधतो तो त्या वाऱ्याबरोबर येणारा तंबाखूचा वास. आता पूर्वीइतका तंबाखू राहिलेला नाही, बरीचशी रानं उसाखाली गेली. तरी मधेच एखाद्या तुकड्यात कापलेली झाडं उन्हात वाळत पडलेली दिसतात आणि तो कडवट, उबदार वास नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो. तिसरी शिंक झाली की मी बेळगावच्या हायस्कुलातली गणिताची बाई उरत नाही. हातात भाकरीचा डबा घेऊन वखारीच्या दारात उभी असलेली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, सगळ्या जगावर थोडीशी रागावलेली मुलगी होते.

यंदा शिंकांच्या जोडीला फोनही वाजला. प्रज्ञाचा मेसेज होता. प्रज्ञा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. बेळगावात इंजिनिअरिंग शिकते आणि पिरनवाडीला माझ्याकडंच राहते. गेले पंधरा दिवस ती मोबाइलवर एक जुनी मालिका बघत होती. जहाज फुटून ओसाड बेटावर अडकलेल्या माणसांची. मीच तिला सांगितलं होतं, बघ म्हणून. तिच्या लहानपणी आम्ही ती जीव टाकून बघितली होती. तिनं लिहिलं होतं, 'मावशी, संपली एकदाची. लई भोकं हाईत गं हिच्यात. मी एकतीस मोजली. तुम्ही लोकांनी हे सहन कसं केलं?' खाली यादी होती. पहिलाच प्रश्न, झोपडीतला चहा कुणी केला?

मला हसू आलं. कारण हाच प्रश्न, हाच पहिला, माझ्याही वहीत होता.

मालिका परदेशी, पण बोलायची हिंदीत. तिचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी कधी उच्चारलं नाही, तोंडात बसेना. आम्ही तिला नुसतं 'बेट' म्हणायचो. 'काल बेट बघितलं का?' 'न्हाय बाई, ऐन बेटाच्या वेळंला पावणे आलते.' संक्रांतीनंतर सुरू झाली आणि होळीच्या अलीकडं संपली, म्हणजे बरोबर तंबाखूच्या हंगामात. संध्याकाळी साडेसातला लागायची. आमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. घरात आक्का, भावजी, चिमुरडी प्रज्ञा आणि परीक्षेचा अभ्यास करायला म्हणून येऊन राहिलेली मी. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आणि टीव्हीसमोर वही-पेन्सिल घेऊन मी.

वही प्रश्नांची होती. मला उत्तर आल्याशिवाय चैन पडत नाही, हा माझा लहानपणापासूनचा आजार. पहिल्याच भागात त्या पंधरा जणांना बेटावर एक झोपडी सापडते. चूल गरम, कपात चहा, चहातून वाफ. माणूस मात्र नाही. पंधरा जण आळीपाळीनं त्या कपाकडं बघतात आणि भाग संपतो. मी लिहिलं, चहा कुणी केला? पुढं एक लोखंडी कडीची पेटी वाहून येते. दोन भाग सगळे तिच्याभोवती फिरतात, आणि मग पेटीचं कुणी नाव काढत नाही. एका मुलीचा पाय मोडतो, चौथ्या दिवशी ती नारळाच्या झाडावर. सगळ्यांच्या दाढ्या वाढतात, एका म्हाताऱ्याची तेवढी वाढत नाही. आणि जेवायला केळीची पानं मांडतात ती सोळा. माणसं पंधरा. मी टीव्हीजवळ जाऊन बोटानं मोजली, सोळाच होती.

गंमत म्हणजे या कशाचा आम्हाला राग आला नाही. कारण आमच्याकडं सगळ्याचं एक उत्तर तयार होतं, करंट. त्या दिवसांत साडेसात ते आठच्या दरम्यान करंट एकदा तरी जायचाच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो परत येईपर्यंत बेटावर काय काय होऊन गेलेलं असायचं. त्यामुळं कशाचा मेळ लागला नाही की आमची पक्की खात्री, ते करंट नसताना दाखवलं. पायाला पट्टी बांधली ते, पेटी उघडली ते, दाढी केली ते, सगळं त्या दहा मिनिटांत. बाकीच्या जगानं त्या मालिकेच्या लेखकाला नावं ठेवली असतील. आम्ही ती खांबावरच्या तारांना ठेवली. लेखकावर आमच्याइतका विश्वास दुसऱ्या कुठल्या गावानं टाकला नसेल.

करंट गेला की आक्का उठायची, पायात चपला सरकवायची आणि म्हणायची, "पलीकडच्या गल्लीत दुसरी फेज हाय, तिथं असतोय. बघून येते. तू पोरीकडं बघ." मी प्रज्ञाला मांडीवर घेऊन मेणबत्तीसमोर बसायची. दहा-पंधरा मिनिटांनी आक्का परत यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं कळल्याचं समाधान असायचं. मी विचारलं तर म्हणायची, "आता झोप येतीया. उद्या वखारीत सांगणार हाय, तिथंच ऐक."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डबा घेऊन वखारीत जायची. लांबलचक वखार, वर पत्रा, झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यांत तपकिरी धूळ नाचत असायची. बायका ओळीनं बसलेल्या, समोर तंबाखूचा ढीग, हातात चाळण. पहिल्यांदा आत जाणाऱ्याला दोन मिनिटं उभं राहवत नाही. म्हणून प्रत्येकीचं नाक-तोंड फडक्यानं बांधलेलं, दिसायचे ते फक्त डोळे. सुरुवातीला मला त्यांच्यात आक्का ओळखू यायची नाही. मग खूण कळली. जिच्याकडं बाकीच्यांचे डोळे वळलेले, ती आक्का. कुणाच्या घरी टीव्ही नव्हता, कुणाची ती भाकरी थापायची वेळ, कुणाच्या घरात त्या वेळी बातम्या लागायच्या. आक्का सांगेल तेच त्यांचं बेट. चाळण डावीकडं-उजवीकडं आणि त्या तालावर गोष्ट. ती थांबली की सगळ्यांचे हात थांबायचे, म्हणून मुकादमसुद्धा लांबून ओरडायचा, "रमाक्का, सांग की गं फुडं!"

आक्का सातवी शिकलेली. आठवीच्या वर्षी ती आईबरोबर वखारीत गेली आणि तिच्या त्या मजुरीवर मी शिकले. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

"मग त्यो च्या कुणी केलता?" एकीनं विचारलं.

"त्या जहाजावरच्या खानसाम्यानं," आक्का म्हणाली. "जहाज बुडाया लागलं तवा ह्यो सगळ्यांच्या आधी उडी टाकून पळाला. आता त्या लोकांना तोंड दाखवायची लाज वाटतीया. म्हणून झाडीत लपून ऱ्हातोय, नि त्यांच्यासाठी च्या करून ठेवतोय."

"बेटावर च्या-पावडर कुटली गं?"

"खानसामा हाय न्हवं त्यो? खिशात असती त्येंच्या."

मग पेटीचं उत्तर आलं. पेटी एका नवरीची होती. जहाजावर लग्नाला निघालेली. ती बुडाली, पेटी तरंगत आली. कप्तानानं कडी बघूनच ओळखली, आणि तिच्या आईनं घड्या घालून ठेवलेले कपडे दहा जणांनी हाताळू नयेत म्हणून त्यानं ती वाळूत पुरली. "आन त्या म्हाताऱ्याची दाढी?" "त्येला कसली काळजी न्हाय. काळजी नसली की दाढी वाढत न्हाय. तुझ्या दाल्ल्याची बघ, दोन दिसांत जंगल." त्यावर बायका इतक्या हसल्या की फडकी नाकावरून घसरली आणि ओळीच्या ओळ शिंकायला लागली. मी दाराशी उभी राहून वहीत प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर लिहून घ्यायची. परीक्षेच्या अभ्यासाच्या वहीपेक्षा ती वही जास्त नीट होती.

तेव्हा परवा बसमध्ये मी प्रज्ञाला ऐटीत लिहिलं, 'चहा खानसाम्यानं केला. पेटी नवरीची. कप्तानानं पुरली. नीट बघितली नाहीस तू.' बस निपाणीच्या स्टँडात शिरताना उत्तर आलं. 'मावशी, मी एक मिनिटबी सोडलेलं न्हाय. त्यात खानसामाच न्हाय. नवरी न्हाय. पेटी दोन भागांनंतर गायबच हाय. तू दुसरीच कुठली तरी बघितलीस.'

मी स्टँडवर उतरले आणि पिशवी पायाशी ठेवून तशीच उभी राहिले. म्हणजे करंट असता तरी काही दिसलं नसतं. त्या दहा मिनिटांत बेटावर काहीच घडत नव्हतं. घडत होतं ते पलीकडच्या गल्लीत, आक्काच्या डोक्यात. इतकी वर्षं मी त्या मालिकेची वाहवा करत आले. स्टाफरूममध्ये सांगत आले की असं लिहायला अंगात धमक लागते, तो पळपुटा खानसामा बघा, त्याची ती लाज बघा. आणि तो खानसामा सातवी शिकलेल्या माझ्या बहिणीनं तंबाखू चाळता चाळता केला होता. मला आधी हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली. बी.एस्सी. झालेली मी नुसती उतरवून घेत होते.

तरीही त्या मालिकेबद्दलचं माझं कौतुक कमी झालं नाही, उलट वाढलंच. प्रज्ञाच्या यादीतली एकतीस भोकं खरी आहेत. पण सगळं बांधून-गुंडाळून दिलेल्या कितीतरी मालिका आम्ही त्याच टीव्हीवर बघितल्या. त्यातली एकही वखारीपर्यंत पोचली नाही. त्यात आक्काला बसायला जागाच नव्हती. बेटात होती. लेखकानं ती मुद्दाम ठेवली की त्याच्या हातून राहून गेली, मला माहीत नाही. विसरभोळ्या माणसाच्या घरी दार उघडं राहिलं तरी वारं आत येतंच.

आता गंगाक्काबद्दल सांगायला हवं.

गंगाक्का चिकोडीकडची, मूळची कानडी. मराठी तिनं वखारीतच उचललेलं. आक्काच्या शेजारची जागा तिची. तिचा नवरा गोव्याला मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. वादळात ती बोट परत आली नाही. काही माणसं सापडली, काही फळ्या सापडल्या, तो सापडला नाही. त्या हंगामात या गोष्टीला तिसरं वर्ष लागलं होतं. गंगाक्का दिराच्या घरी राहायची. तिनं समुद्र कधी बघितला नव्हता. आक्कानंही नाही, मीही नाही. एकदा तिनं विचारलं, "रमा, समुद्र म्हंजे केवढा असतोय?" आक्कानं चाळण खाली ठेवली आणि दारातून दिसणारा तवंदीचा डोंगर दाखवला. "त्यो डोंगर हाय न्हवं? हितनं तिथपर्यंत पाणी. डोंगराच्या पल्याडबी पाणी." गंगाक्का बराच वेळ डोंगराकडं बघत राहिली. "यव्वा," एवढंच म्हणाली.

सोळाव्या पानाचं उत्तर आक्कानं दिलं त्या दिवशी मी तिथंच होते. "पंधरा जण काठाला लागले. सोळाव्याचं काय झालं कुणाला ठावं न्हाय. मेलेला कुणी बघितला न्हाय. म्हणून त्याचं पान मांडायचं. जेवायच्या वक्ताला आला तर?" बोलून गेल्यावर आक्काच्या लक्षात आलं. गंगाक्काची चाळण थांबली होती. तंबाखूच्या वखारीत कुणी रडलं तर कळत नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी असतं, आणि विचारलंच तर म्हणायचं, धूळ गेली.

त्याच आठवड्यात, रथसप्तमीच्या आत, मालकांच्या घरून हळदी-कुंकवाचं ताट आलं. आम्ही बौद्ध, आमच्यात ते नसतं, म्हणून आक्का नुसता तिळगूळ घ्यायची आणि मालकीणबाईही सरावानं तिला तिळगूळच द्यायच्या. ओळीनं कुंकू लावत त्या गंगाक्कापाशी आल्या आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. मनानं त्या चांगल्या होत्या, पण लावावं की नाही हे त्यांना खरंच कळेना. गंगाक्का कपाळ पुढं करून बसलेली. अख्खी वखार बघत होती. शेवटी आक्का म्हणाली, "लावा की वैनी, हात कशाला अवघडून ठेवलाय?" मग बोट टेकलं. पण ते थांबलेलं बोट सगळ्यांनी बघितलं होतं.

दिरानंही त्याच सुमारास एक कागद आणला. नवरा वारला आहे असं मी कबूल करते, असा अंगठा द्यायचा. मग रेशन कार्डावरचं नाव कमी होणार, दिवस घालणार, कपाळ पुसणार. दीरही वाईट नव्हता. भावाची वाट बघून तोही दमला होता. गंगाक्कानं कागदाची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मालिकेत एव्हाना बेटावरच्या एका सुतारानं तराफा बांधून समुद्रात घातला होता. इकडं त्याची बायको रोज बंदरावर यायची, त्याचा जुना कोट हातावर घेऊन. तिची तेवढी एकच जागा, तेवढं एकच काम. गंगाक्का आक्काला म्हणाली, "त्यो सुतार घरला पोचतोय का बगू. पोचला तर कागद दिराला माघारी देते. न्हाय पोचला तर अंगठा लावते."

टीव्हीवरच्या सुतारावर कुणी असा निर्णय टांगतं का, असं आज सहज म्हणता येईल. तिच्या जागी बसून बघा. तिला ना देह मिळालेला, ना निरोप. गावातल्या प्रत्येकाकडं तिच्यासाठी एक सल्ला होता आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्यापेक्षा तो सुतार बरा. तो निदान पाण्यात तरी होता. आक्का मात्र त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. "मी काय करून बसले गं," एवढंच दोनदा म्हणाली. मला तेव्हा कळलं नाही की यात तिनं काय केलं. मालिका लिहिणारा कुणी तरी दुसराच होता ना!

शेवटच्या भागाला करंट गेला नाही. संबंध हंगामात पहिल्यांदा पुरता अर्धा तास दिवा लुकलुकलासुद्धा नाही. पहाट, बंदर, हातावर कोट घेऊन ती बाई. समोर पाणीच पाणी. आणि खूप लांब, पाण्यावर एक काळा ठिपका. हलतोय की नाही कळत नाही. जवळ येतोय की नाही कळत नाही. बाई डोळ्यांवर हात धरते आणि पडदा काळा होतो. नावं सुरू.

मी टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. सगळे चॅनेल फिरवून आले. "ही काय पद्धत झाली?" मी ओरडले. "आला का नाही ते तरी सांगा!" आक्का भिंतीला टेकून बसली होती. मी तिला म्हटलं, "आक्का, तू उद्या सांग आला म्हणून. घरी पोचला, बायकोनं कोट घातला, संपलं. कुणाला कळणार हाय?" ती प्रज्ञाला उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी डबा लवकर भरला. वखारीत पोचले तेव्हा आक्का बंदरापर्यंत आली होती. चाळणी सगळ्या थांबलेल्या, मुकादमही दाराला टेकून उभा.

"...आन लांब पाण्यावर एक काळा ठिपका दिसला."

"फुडं?"

"फुडं काय न्हाय. तिथंच संपलं."

"करंट गेलता?"

"न्हाय," आक्का म्हणाली. "काल करंट हुता."

बायका चिडल्या. असं कुठं असतंय व्हय, दोन महिने ऐकलं ते याच्यासाठी व्हय. मीही मनातून आक्कावर चिडले. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं तिला. गंगाक्का तेवढी शांत होती. ती सावकाश विचारायला लागली, उन्हात वाळत घातलेली तंबाखूची झाडं एकेक करून पालटावीत तशी.

"त्यो ठिपका तराफा हुता का पाखरू?"

"ठावं न्हाय."

"त्या बाईला तरी कळलं का?"

"तिलाबी न्हाय कळलं."

"मग गेली का ती घरला?"

"न्हाय. हुबी हुती."

"कोट?"

"हातावरच हुता."

गंगाक्कानं मान हलवली. मग जेवणाची सुट्टी झाली. तिनं कमरेच्या पिशवीतून तो कागद काढला, उलगडला, मांडीवर नीट पसरला आणि त्यावर भाकरी ठेवली. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, चटणीवर तेल. तेल हळूहळू कागदात उतरलं आणि टाइप केलेल्या ओळी पारदर्शक होत गेल्या. ती शेवटच्या घासापर्यंत जेवली. मग कागदाचा बोळा करून काड्यांच्या ढिगावर टाकला, तोंडाला फडकं बांधलं आणि चाळण ओढली. कुणी काही विचारलं नाही.

परवा स्टँडवरून घरी गेले आणि आधी आक्कासमोर प्रज्ञाचा मेसेज धरला. आता तिचे केस पांढरे झालेत, भावजी घरी बसलेत, ही मात्र अजून वखारीत जाते. घरात बसून काय करू म्हणते. मी म्हटलं, "खानसामा कुठला गं आणलास?" ती आधी लाजली, मग फडक्याआडून हसावं तशी पदर तोंडाला लावून हसली.

"पलीकडच्या गल्लीतबी करंट नसायचाच गं. तिथं कट्ट्यावर बसायची दहा मिन्टं. दिसभर धूळ खाल्ल्यावर वाईच हवा लागायची. बसल्या बसल्या सुचायचं."

"मग शेवट का नाही सुचला? एवढी भोकं बुजवलीस, तेवढंच का उघडं ठेवलंस? मी सांगितलं होतं तुला, आला म्हणून सांग."

आक्काचं हसू गेलं. ती हातातल्या बांगड्या फिरवायला लागली. "बाकीची माणसं बेटावरची हुती गं," ती म्हणाली. "त्येंला काय बी करावं. ह्यो तिचा नवरा हुता. दुसरीच्या नवऱ्याला मी कसं मारू, नि कसं आणू?"

मी वर्गात इतकी वर्षं पोरांना सांगत आलेय, पुढंही सांगणार आहे की गणित सोडवल्याशिवाय वही मिटू नका. नोकरी आहे, सांगावं लागतं. पण आपलं नसलेलं गणित सोडवायला जाऊ नये, हे मला त्या संध्याकाळी आक्काच्या दोन खोल्यांच्या घरात कळलं, आणि ते मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. बहिणीबद्दल इतका अभिमान वाटला की मी उठून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हौसेनं तिचा डबा घेऊन वखारीत गेले. बायका कमी झाल्यात, पत्रा नवीन घातलाय, धूळ तीच. दारातच तीन शिंका झाल्या. आक्काच्या शेजारी गंगाक्का बसलेली. डोळ्यांभोवती जाळं झालंय, केसांत काळा धागा राहिलेला नाही. फडक्याच्या वर कपाळावर कुंकू, घामानं जरासं पसरलेलं. तिच्या रेशन कार्डावर अजून नवरा-बायको अशी दोन नावं आहेत, हे मला आक्कानं आदल्या दिवशी सांगितलं होतं.

तिनं मला ओळखलं. बस म्हणाली. बेळगावात कशी हाईस, प्रज्ञा अभ्यास करतीया का, सगळं विचारून झालं. मग चाळण न थांबवता म्हणाली, "त्या बेटाचा दुसरा भाग आला का गं?"

प्रज्ञाच्या यादीत शेवटून दुसरी ओळ तीच होती. दुसरा भाग नाही. करणाऱ्यांनी सगळं कधीच गुंडाळून ठेवलंय, येणारही नाही. तो मेसेज माझ्या हातातल्या फोनमध्ये होता. आक्का समोर बघून तंबाखू चाळत होती, पण तिचे हात हळू झाले होते.

"अजून न्हाय आला, गंगाक्का," मी म्हणाले.

आक्कानं फडक्याच्या वरून एकदा माझ्याकडं बघितलं. गंगाक्कानं मान हलवली, चाळणीतल्या काड्या वेचून बाजूला टाकल्या, नवा तंबाखू भरून घेतला.

"यीऊ दे सावकास," ती म्हणाली.

मी डबा उघडायला घेतला आणि मला झाकण दिसेना. कुणी काही विचारलं नाही. वखारीत कुणी विचारत नाही.